थंडीत रुसणारी गाडी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खान्देशचे नाव काढले की लोकांना पंचेचाळीस अंशांचे ऊन आठवते. पण आमच्या बोदवडकडची डिसेंबर-जानेवारीतली पहाट ज्याने पाहिली आहे, त्याला इथली थंडीही ठाऊक असते. पारा दहाच्या खाली उतरतो. रावेर-यावलकडे केळीला चरका बसू नये म्हणून शेतकरी रात्री बागेत काडीकचरा पेटवून धूर करतात. आणि याच दिवसांत पहाटे पाच-साडेपाचला गल्लीगल्लीतून एक आवाज ऐकू येऊ लागतो. खाट्, खाट्, खाट्. कुणीतरी किक मारतो आहे आणि गाडी काही उठत नाही.

मी बोदवडला मोटारसायकलींचे गॅरेज चालवतो. नव्या गाड्यांचे सोडा. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचा नियम आला आणि दुचाकींवरचा कार्बोरेटर जवळपास संपला. नव्या गाडीत किती पेट्रोल सोडायचे ते छोटा संगणक ठरवतो. थंडी किती आहे हे त्याला कळते, त्याप्रमाणे तो हात सैल सोडतो. पण आमच्या भागात १९९४ नंतरच्या स्प्लेंडर आहेत, त्याआधीच्या १९८५ च्या सीडी हंड्रेड आहेत, कुणाच्या गोठ्यात राजदूत आहे, एखाद्याने वडिलांची येझदी जपली आहे. शेतात, दुधाला, बाजाराला याच गाड्या जातात. त्यांच्याविषयीच मला बोलायचे आहे.

पहिली गोष्ट अशी की पेट्रोल जळत नाही. जळते ती पेट्रोलची वाफ. इंजिनात पेट्रोल आणि हवा एका ठरावीक प्रमाणात मिसळून जावी लागतात. वजनाने एक भाग पेट्रोलाला साधारण पावणेपंधरा भाग हवा. इंजिन गरम असले की पेट्रोलची भराभर वाफ होते आणि हे प्रमाण जमते. पण पहाटे सगळे लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम बर्फासारखे गार पडलेले असते. कार्बोरेटरने पाठवलेल्या पेट्रोलपैकी बरेचसे नळीच्या आणि सिलिंडरच्या भिंतींना थेंबाथेंबाने चिकटून बसते. वाफ होते ती थोडीच. प्लगने ठिणगी टाकली तरी पेट घ्यायला पुरेशी वाफच समोर नसते. यावर इलाज एकच, पेट्रोल जास्त पाठवायचे. पाठवलेल्यातले पुष्कळ वाया जाईल हे धरूनच पाठवायचे. हे काम चोकचे.

जुन्या पिढीला फ्लिटचा पंप आठवत असेल. दांडा पुढे ढकलला की हवा जोरात निघायची, खालच्या डब्यातून औषध आपोआप वर चढायचे आणि तुषार उडायचे. कार्बोरेटर म्हणजे तेच. नळी मध्येच निमुळती केलेली असते, तिथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल बारीक भोकातून वर ओढले जाते. या निमुळत्या नळीला व्हेंच्युरी या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव आहे. आता नळीच्या तोंडावर एक पाती आडवी लावली तर काय होईल? हवा अडेल, आत ओढ वाढेल आणि पेट्रोल जास्त येईल. शंभर सीसीच्या बहुतेक गाड्यांचा चोक म्हणजे ही पाती. काही गाड्यांत पाती नसते, एक छोटा दट्ट्या वर उचलला जातो आणि पेट्रोलची वेगळी वाट उघडते. राजदूत-येझदीला यातले काही नव्हते. त्यांच्या कार्बोरेटरवर एक बटण असायचे, ते दाबून धरायचे, वाटी भरून पेट्रोल बाहेर ओघळले की किक मारायची. बोटांना पेट्रोलचा वास दिवसभर राही.

पाती असो की दट्ट्या, दोघांनाही आतली ओढ हवी असते. आणि नेमकी इथेच आपण चूक करतो. किक मारताना हाताने रेस पिळतो. रेस दिली की कार्बोरेटरमधला पडदा वर जातो, नळी मोकळी होते, ओढ संपते. चोक ओढूनही न ओढल्यासारखा. किक मारण्याआधी चार-पाच वेळा रेस पिळून 'पेट्रोल चढवणारे' लोक मी रोज पाहतो. जुन्या मोटारींच्या काही कार्बोरेटरमध्ये रेसबरोबर पेट्रोल फेकणारा पंप असे, तिथे ही युक्ती चालायची. आपल्या या जुन्या गाड्यांच्या साध्या कार्बोरेटरला तो पंप नाही. बंद गाडीची रेस पिळून फक्त केबल झिजते.

तेव्हा पहाटेची पद्धत अशी असावी. पेट्रोलचा कॉक उघडावा. चोक पूर्ण ओढावा, अर्धा नाही. चावी बंद ठेवून दोन किका सावकाश माराव्यात, म्हणजे आत पेट्रोल ओढले जाते. मग चावी लावावी, रेसला हात न लावता एक जोरदार, पूर्ण खालपर्यंत किक मारावी. गाडी उठली की अर्धा-पाऊण मिनिटाने चोक हळूहळू सोडावा. राजदूत किंवा बुलेट असेल तर आधी क्लच दाबून दोनदा किक फिरवावी, कारण रात्रभरात क्लचच्या प्लेटा घट्ट तेलाने एकमेकींना चिकटतात. बुलेटवाल्यांना मी जास्त शिकवत नाही. काटा मध्यावर आणून किक कुठून मारायची हे त्यांना त्यांच्या नडगीने शिकवलेले असते.

एवढे करूनही गाडी उठली नाही तर मात्र शोध घ्यावा लागतो. हा शोध मी स्वतः कसा चुकवला, ते सांगतो.

गोष्ट २०११ च्या जानेवारीतली. जवळच्या एका खेड्यातला दूधवाला माझ्याकडे यायचा. गावातल्या आठ-दहा घरांचे दूध गोळा करून तो पहाटे बोदवडला आणी. डेअरीची गाडी ठरल्या वेळी निघून जायची. तिच्याआधी पोहोचला तर पूर्ण भाव, नाहीतर कॅन घेऊन हॉटेलांच्या दारोदार फिरायचे आणि देतील त्या भावाला दूध घालायचे. त्याची शंभर सीसीची गाडी पहाटे उठेना. वीस-पंचवीस किका, मग पोराला उठवून धक्का, मग उतारावरून ढकलत गिअरमध्ये टाकणे. पंधरा दिवसांत पाच-सहा वेळा डेअरीची गाडी चुकली. घरोघरच्या बायका दुधाचा हिशेब मागत होत्या.

तो माझ्याकडे आला तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. मी किक मारली, गाडी पहिल्या किकेत उठली. प्लग बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कॉइल तपासली, पॉवर चांगली होती. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा किक जरा हलकी वाटली, सायलेन्सरमधून थोडा निळसर धूरही दिसला. मी म्हणालो, "बापू, रिंग-पिस्टन गेले. इंजिन खोलावे लागेल." तो बिचारा काय बोलणार? कपाशीचे पैसे हातात यायचे होते, त्याने मेहुण्याकडून उसने आणले. इंजिन उतरवले, बोअर केला, पिस्टन-रिंगा नवीन टाकल्या. चौथ्या दिवशी पहाटे तो गाडी ढकलत गॅरेजच्या दारात हजर.

"मिस्त्री, काय भो, आजही नाही उठली."

रागावला असता तर बरे झाले असते. तो फक्त गाडीकडे पाहत उभा राहिला. मी त्याला सांगितले की माझी गाडी घेऊन जा, ही आज रात्री इथेच राहू दे. रात्रभर ती उघड्यावर लिंबाखाली ठेवली आणि पहाटे साडेपाचला मी पाने घेऊन तिच्यापाशी बसलो. एवढ्या दिवसांत ती गाडी मी पहिल्यांदाच गार असताना पाहत होतो. याआधी ती माझ्याकडे यायची ती सात-आठ किलोमीटर चालून, गरम होऊन. गार गाडीचे दुखणे मी गरम गाडीत शोधत होतो.

चोक ओढून पंधरा किका मारल्या आणि प्लग काढला. प्लग कोरडा ठणठणीत. हा प्लग पुष्कळ काही सांगतो. इतक्या किकांनंतर प्लग ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोहोचते आहे आणि ठिणगीत दोष आहे, किंवा पेट्रोल नको इतके झाले आहे. कोरडा असेल तर पेट्रोल पोहोचतच नाही. मग वाटीच्या तळाचा स्क्रू सैल केला, खाली धार लागली. म्हणजे टाकीपासून वाटीपर्यंत सगळे ठीक. वाटीत पेट्रोल आहे आणि सिलिंडरमध्ये जात नाही. फिल्टरकडची रबरी नळी काढली, कार्बोरेटरच्या तोंडावर तळहात धरला आणि पोराला किक मारायला सांगितले. दुसऱ्या किकेला इंजिन खोकले, तिसऱ्याला उठले.

माझा तळहात चोकचे काम करत होता. मग चोक काय करत होता? बॅटरी लावून पाहिले. बाहेरचा खटका पूर्ण वर जात होता, पण ज्या दांड्यावर तो बसतो तिथली पकड झिजून सैल झाली होती. खटका फिरायचा, आतली पाती अर्ध्यातच थांबायची. दिवसा काही फरक पडत नव्हता, कारण दिवसा चोक लागतच नव्हता. दुरुस्तीला वीस मिनिटे लागली. मजुरीचे पैसे मी त्याला परत केले. सामानाचे आणि बोअरचे गेले ते गेलेच, ते मेहुण्याला त्याने उन्हाळ्यापर्यंत फेडले. (तळहाताची ही युक्ती घरी करताना जपून करा. इंजिन उलटे खोकले तर चटका बसतो. आणि हाताऐवजी फडके तर मुळीच धरू नका, ते आत ओढले जाते.)

चोक नीट बंद होत असेल आणि तरी प्लग कोरडा निघत असेल, तर बहुतेक वेळा चोर म्हणजे स्लो जेट. कार्बोरेटरमध्ये दोन पितळी जेट असतात. मोठा जेट रस्त्यावर वेगात कामाला येतो. छोटा, म्हणजे स्लो जेट, गाडी सुरू होताना आणि उभ्या जागी चालताना. त्याचे भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. गाडी चार-आठ दिवस उभी राहिली की वाटीतल्या पेट्रोलचा हलका, लवकर उडणारा भाग उडून जातो. थंडीत गाडी उठवतो तो हाच भाग. मागे राहते ते जड पेट्रोल, आणि आणखी काही आठवडे गेले की त्याचा चिकट राप होतो आणि त्या भोकात बसतो. अशी गाडी धक्का मारून उठते, रेसवर ठेवली तर चालते, रेस सोडली की बंद पडते. ही खूण पक्की. जेट काढून कार्बोरेटर क्लीनरने किंवा स्वच्छ पेट्रोलने धुवावा, पंपाने हवा मारावी, उजेडाकडे धरून भोक गोल दिसते का ते पाहावे. त्यात तार घालू नये. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. आठवडाभर उभ्या गाडीला किका मारण्याआधी वाटीतले जुने पेट्रोल सोडून द्यावे, टाकीतले ताजे येऊ द्यावे. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. राजदूतवाले जुने लोक घर अर्ध्या फर्लांगावर आले की कॉक बंद करत आणि वाटीतले पेट्रोल संपवत दारात येत. त्यात त्यांचा पेट्रोल वाचवण्याचा लोभ असेल, पण सवय शहाणपणाची होती. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलात ऑइल मिसळलेले असते, पेट्रोल उडून गेले की वाटीत ऑइल उरते आणि सकाळी प्लग तेलकट होतो.

अलीकडे लोक विचारतात, इथेनॉलमुळे गाडी उठत नाही का? आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. सगळा दोष त्याच्यावर टाकणे बरोबर नाही, पण काही फरक पडतो खरा. पेट्रोलला पावणेपंधरा भाग हवा लागते, तर इथेनॉलला नऊच. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागते. नवी गाडी हे ओळखून हिशेब बदलते, जुन्या कार्बोरेटरचे भोक आहे तेवढेच राहते. मिश्रण थोडे पातळ होते आणि चोक पूर्वीपेक्षा जास्त वेळ ठेवावा लागतो. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेते. पावसाळाभर गोठ्यात उभी असलेली गाडी थंडीत बाहेर काढली तर वाटीच्या तळाशी पाण्याचे थेंब सापडतात. जुनी रबरे फुगतात, तडकतात. कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या जोडाला चीर पडली असेल तर तिथून जादा हवा शिरते. आम्ही म्हणतो, गाडी एअर घेते. मग कितीही चोक ओढा.

उलटे दुखणे असते पेट्रोल ओव्हर होण्याचे. किका मारून मारून आत इतके पेट्रोल साचते की प्लग भिजून जातो. अशा वेळी अजून चोक ओढणे म्हणजे बुडत्याला पाणी पाजणे. कॉक बंद करावा, चोक सोडावा आणि इथे मात्र रेस पूर्ण उघडून आठ-दहा किका माराव्यात. आत हवा खेळते. तरी न उठल्यास प्लग काढून पुसावा, वाळवावा. रोजच असे होत असेल तर वाटीतली फ्लोटची सुई गळते आहे असे समजावे. रात्री कॉक उघडा राहिला तर असे पेट्रोल इंजिनात उतरून ऑइलमध्ये मिसळते. ऑइलची पट्टी काढून वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला तर ते ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. आमच्याकडे कापसाच्या दिवसांत आणखी एक भानगड होते. जिनिंगसमोरून, कापसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी रोज गेली की फिल्टरवर धूळ आणि कापसाचा तूस बसतो. हवा कमी, पेट्रोल जास्त, प्लग काजळी धरतो.

ठिणगीबद्दल थोडेच सांगतो, कारण प्लग तर सगळेच बदलतात. बदलण्याआधी निदान गॅप पाहावा. बहुतेक शंभर सीसी गाड्यांना ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या आसपास लागतो, पण आपल्या गाडीचे पुस्तक पाहावे हे उत्तम. पॉइंटच्या जुन्या गाड्यांत पॉइंट पॉलिश पेपरने साफ करावेत. ठिणगी पाहताना प्लग इंजिनच्या लोखंडाला टेकवतात, तो प्लगच्या उघड्या भोकापासून लांब टेकवावा. मी शिकाऊ असताना तो भोकाजवळच धरला होता. किक मारली, भोकातून पेट्रोलची वाफ उसळली आणि भडका झाला. उजव्या मनगटावरचा डाग अजून आहे.

आणि टॅपेट. गाडी जुनी होते तशी व्हॉल्व्हची बैठक झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट हळूहळू बुजते. ही फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, कागदाएवढी. ती बुजली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कंप्रेशन गळते. टॅपेटचा टकटक आवाज थांबला म्हणून मालक खूश असतो, आणि सकाळी गाडी उठत नाही म्हणून तोच हैराण असतो. फट गार इंजिनवरच मोजायची असते. दूधवाल्याची किक हलकी लागली तेव्हा रिंग-पिस्टन ठरवण्याआधी मी फिलर गेज काढायला हवा होता. काढला नाही.

एक गोष्ट घाईने सांगतो, पण ती सगळ्यात महत्त्वाची आहे. थंडी आणि चोरी या दोन्हींच्या भीतीने पुष्कळ लोक रात्री गाडी घरात, पडवीत घेतात आणि पहाटे दार न उघडता तिथेच चोकवर चालू ठेवतात. शेजारच्या खोलीत मुले झोपलेली असतात. चोकवरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड सर्वांत जास्त असतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच गुंगतो. गाडी आधी अंगणात काढा, मग किक मारा. तसेच इंजिन तापावे म्हणून खाली शेगडी किंवा पेटता बोळा ठेवणारेही मी पाहिले आहेत. वर पेट्रोलची टाकी आहे हे त्यांना कुणी आठवण करून द्यायचे?

त्या दूधवाल्याने ती गाडी पुढे बरीच वर्षे चालवली. तेव्हापासून मी एक नियम केला आहे. 'पहाटे उठत नाही' अशी तक्रार घेऊन जो येतो, त्याला गाडी रात्री माझ्याकडे ठेवायला सांगतो आणि साडेपाचला स्वतः किक मारतो. गेल्या हिवाळ्यात एकाच आठवड्यात तीन गाड्या लिंबाखाली उभ्या होत्या. दोघींचे स्लो जेट निघाले. तिसरीच्या मालकाने कॉक रिझर्व्हवर करून तीन दिवस काढले होते, तिच्यात पेट्रोलच नव्हते.